तक्रारीची तारीख

क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात ज्यांची फसगत झाली आहे, किंवा झाली आहे असे ज्यांस वाटते, अशा ग्राहकांचे अर्ज लिहून देण्याचे काम मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून करीत आलो आहे. आणि माझ्या नजरेखालून गेलेली दप्तरे पाहून माझे मत असे दृढ झाले आहे की, या ग्राहकांचा पराभव कायद्याच्या अभावी क्वचितच होतो. तो होतो तक्रार तोंडी राहिल्यामुळे.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे प्रकरण या बाबतीत नमुन्यादाखल घेण्यासारखे आहे. घरातील आजारपणामुळे एका महिन्यात कार्डाचे बिल फुगले, तेव्हा त्यांनी बिलावर छापलेली 'किमान देय रक्कम' तेवढी भरली आणि पुढल्या महिन्यात सारी थकबाकी एकरकमी चुकती केली. असे असताही त्यापुढील बिलात काही शे रुपयांचे व्याज पुन्हा दिसले. कस्टमर केअरला फोन करता पलीकडील मुलाने 'ही रक्कम रद्द होईल, आपण निश्चिंत राहा,' असे आश्वासन दिले. बाई निश्चिंत राहिल्या. रक्कम मात्र रद्द झाली नाही. तिच्यावर विलंबशुल्क, व्याज आणि या दोहोंवर १८ टक्के जीएसटी चढत गेला, वसुलीचा तगादा सुरू झाला, आणि मुलासमवेत गृहकर्जाचा अर्ज केला तेव्हा थकबाकीदार म्हणून झालेली आपली नोंद त्यांना प्रथम कळली.

आता न्यायाने बोलायचे तर मूळ व्याजाचा हिशेब खोटा नव्हता. बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली नाही की बिनव्याजी सवलत संपुष्टात येते, व्याज खरेदीच्या तारखेपासून धरले जाते, नव्या खरेदीवरही ते पहिल्या दिवसापासून लागते. आणि बिल निघाल्यापासून पैसे प्रत्यक्ष जमा होईपर्यंतच्या दिवसांचे व्याज साहजिकच त्यापुढील बिलात उतरते. दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा दर वर्षाकाठी चाळीस टक्क्यांच्या वर जातो. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. परंतु तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द ठरविला, व दराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतला मानला. म्हणजे दराविरुद्ध दाद मागण्याची ती वाट बंद झाली. बाईंवर झालेला खरा अन्याय निराळा होता: हा हिशेब कोणी त्यांना समजावून सांगितला नाही, आणि ज्याला रक्कम रद्द करण्याचा अधिकारच नव्हता त्याने तसे वचन दिले.

त्या मुलावर माझा रोष नाही. असे तरुण पुष्कळदा बँकेचे नोकरही नसतात. कंत्राटी कंपनीत, समोरच्या पडद्यावरील ठरावीक मजकूर वाचीत, ठरावीक मिनिटांत संभाषण आटोपण्याच्या दडपणाखाली ते काम करतात. दोष आहे तो ज्या व्यवस्थेने निर्णयाचा अधिकार असलेला अधिकारी ग्राहकाच्या आवाजापासून दूर नेऊन बसविला आहे तिचा, आणि तो दोष मला अक्षम्य वाटतो. संभाषणाचे ध्वनिमुद्रण बँकेपाशी राहते, ग्राहकापाशी काही राहत नाही.

उलट रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांविषयी काढलेले निर्देश पाहावेत. त्यांत जवळजवळ प्रत्येक हक्काला मुदत जोडलेली आहे. बिलाबद्दल तक्रार आली तर ३० दिवसांच्या आत, आवश्यक तेथे दस्तऐवजी पुराव्यानिशी, खुलासा करावयाचा. थकबाकी नसलेले कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामकाजी दिवसांत अमलात आणावयाचा, आणि त्यात कसूर झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसामागे ५०० रुपये ग्राहकास द्यावयाचे. न मागता कार्ड देऊन त्यावर आकारणी केली तर ती परत करून वर दुप्पट रकमेचा दंड भरावयाचा. परंतु दिवस मोजावयाचे तर ते कोठून मोजावयाचे हे सिद्ध करावे लागते. आणि फोनवर 'वार्षिक शुल्क माफ करतो, कार्ड राहू द्या,' अशा आर्जवात गेलेल्या संभाषणाला ग्राहकाच्या हाती तारीख नसते.

बाईंच्या प्रकरणात आम्ही लेखी अर्ज केला, फोनचा दिवस व वेळ नमूद करून बँकेच्याच ध्वनिमुद्रणाचा हवाला दिला, आणि मूळ व्याज भरण्याची तयारी दर्शविली. विलंबशुल्क परत आले व थकबाकीची नोंद दुरुस्त झाली.

म्हणून वाचकांस माझी कळकळीची विनंती आहे. फोन अवश्य करावा, पण त्याच दिवशी तोच मजकूर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास ईमेलने कळवावा, तक्रार क्रमांक मागून घ्यावा, आणि वादाबाहेरची रक्कम मुदतीत भरून टाकावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही पडत नाही.