स्टिंगरी, पाकट आणि कळणा

‘अपभ्रंश’ ही संज्ञा वर्णनासाठी आहे. परंतु व्यवहारात तिचा उच्चार बहुधा निवाड्यासारखा होतो. या संदर्भात इंग्रजीतील एका प्रादेशिक शब्दाचा प्रवास उद्बोधक ठरतो. शेपटीवर विषारी काटा असलेल्या चपट्या माशाला इंग्रजीत ‘स्टिंग रे’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात व अमेरिकेच्या काही भागांत बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचे ‘स्टिंगरी’ झाले. सॅन दिएगो बंदरालगतच्या एका बदनाम वस्तीलाही हेच नाव होते. तेथे जाणाऱ्यास या माशासारखाच दंश होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. १९१२ मध्ये पोलिसांनी त्या वस्तीवर धाड घातली.

अशा शब्दाला शास्त्रात प्रतिष्ठा लाभली, ती भेद दाखविण्याच्या गरजेतून. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात या माशांचे एक निराळे कुल आढळते. त्यांची शेपटी आखूड असून टोकाशी पानासारखा पर असतो. इतर अनेक जातींची शेपटी चाबकासारखी असते. या कुलाचे रूढ नाव म्हणून ‘स्टिंगरी’ तेथील मत्स्यसूचींत स्थिरावले. लोकव्यवहारात मात्र तोच शब्द कोणत्याही काटेरी पाकटाला सैलपणे लावला जातो. एकाच शब्दाचे हे दोन वापर परस्परांना बाधक ठरलेले नाहीत.

मराठीतही मुंबईकडील कोळ्यांचा ‘पाकट’ आहे, मालवणकडील ‘वागळी’ आहे. तरीही लिहिताना लेखणी ‘स्टिंग रे’कडे वळते.

हा प्रश्न किनाऱ्यापुरता मर्यादित नाही. मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे दोंडाईचा समुद्रापासून दूर, अहिराणीच्या प्रदेशात आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात १९०७ साली खानदेशीचा समावेश भिल्ली भाषांच्या खंडात झाला. मराठीच्या वर्गात तिच्या शब्दांना आजही संकोचानेच प्रवेश मिळतो. खानदेशात ‘कळण्याची भाकरी’ म्हटले की ज्वारी व उडीद एकत्र दळलेले पीठ कळते. प्रमाणभाषेला त्यासाठी वाक्यच रचावे लागते; ‘मिश्र पीठ’ म्हटल्यास कशाचे, हे कळत नाही.

म्हणून उत्तरपत्रिकेतील अशा शब्दाखाली लाल रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने एवढे पाहावे: त्याने दाखविलेला भेद दाखविणारा दुसरा शब्द उपलब्ध आहे काय? नसल्यास तो शब्द तसाच राहू द्यावा आणि अर्थासह विभागाच्या शब्दसंग्रहात नोंदवून घ्यावा.