प्रश्नासाठी दिलेला पैसा

दान देण्याची आपणां सर्वांना सवय आहे. एखाद्या गरजू रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी झोळी फिरविली, तर ती सहसा रिकामी परत येत नाही. परंतु 'आजाऱ्यांची शुश्रूषा अधिक चांगल्या रीतीने कशी करता येईल, हे शोधण्यासाठी काही द्या,' असे म्हटले की हात खिशापाशीच थबकतो. औषधाची बाटली डोळ्यांना दिसते. प्रश्न दिसत नाही.

मागे आमच्या धर्मग्रामात अशीच एक सूचना पुढे आली होती. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना साधे व्यायाम देण्यासाठी चार भगिनींना प्रशिक्षण द्यावे, वर्षभर नोंदी ठेवाव्यात आणि उपयोग झाला की नाही हे तपासावे. तेव्हा एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले, "फादर, वहीत लिहिल्याने म्हातारी उठून बसणार आहे का?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस गडचिरोलीची आठवण झाली.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या भागात अनेक अर्भके जन्मानंतरच्या पहिल्याच महिन्यात घरीच दगावत असत आणि रुग्णालय दूर होते. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळाची काळजी घरी घेता येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. बाळाला ऊब देणे, त्याचे वजन करणे, स्तनपानास मदत करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, इतकेच नव्हे तर जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देणे, ही सारी कामे त्या करणार होत्या. इंजेक्शनची सुई डॉक्टर वा परिचारिकेच्याच हाती शोभते, असे मानणाऱ्या वैद्यकीय जगाला हे धाडसच वाटावे असे होते.

मॅकआर्थर फाउंडेशनसारख्या परदेशी संस्थेचे अनुदान या कामी लाभले. अशा संशोधनात केवळ औषधांचा खर्च नसतो. १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे प्रथम जन्म व मृत्यू मोजण्यातच गेली. त्यानंतर ३९ गावांत नवी सेवा सुरू झाली, तर ४७ गावांत केवळ तुलनेसाठी नोंदी चालू राहिल्या. सेवेच्या गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ होते. तिसऱ्या वर्षी ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ५८ होते, ते ५९.६ झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ती ४७ गावे मात्र आमच्या मनातून जात नाहीत. सरकारी आरोग्यसेवा तेथे पूर्वीप्रमाणेच होती, हे खरे. तरीही शेजारच्या गावात बाळे वाचत असताना येथे मृत्यूची नुसती नोंद व्हावी, हे सहज पचणारे नाही. पण ती गावे नसती, तर 'पाऊसपाणी बरे झाले, काळच सुधारला, म्हणून बाळे जगली,' असे कुणीही म्हटले असते. तेथला आकडा हलला नाही, म्हणूनच सेवेचा गुण सिद्ध झाला. या युक्तिवादाने आमच्या बुद्धीचे समाधान होते, मनाचे पूर्णतः होत नाही. त्या मातांचे ऋण आपणां सर्वांवर आहे, एवढे मात्र निश्चित.

कारण त्या पुराव्याचा उपयोग पुढे सबंध देशाला झाला. २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम स्वीकारला आणि तो आशा कार्यकर्तींच्या हाती सोपविला. जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत सहा वा सात भेटी आणि त्या साऱ्यांचा मोबदला तेव्हा अडीचशे रुपये! स्त्रियांच्या हातांचे मोल संशोधनाने सिद्ध केले. ते मोल चुकते करण्याची जबाबदारी मात्र समाजाची होती.

आमच्या त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले की, वहीने म्हातारी उठणार नाही. परंतु कोणत्या उपायाने ती उठते हे वहीवाचून कळणार नाही, आणि मग पुढच्या घरातल्या म्हातारीला आपण केवळ आपला अंदाज देऊ. चर्चेअंती मंडळाने एका वर्षाचा खर्च मंजूर केला.

औषधासाठी देणाऱ्याला बहुधा आभार मिळतात. प्रश्नासाठी देणाऱ्याला कदाचित 'हा उपाय चालला नाही,' असे उत्तर मिळेल, आणि तेही त्याने स्वीकारले पाहिजे. असे दान अधिक कठीण असते. तरीही, वाचकहो, यापुढे कुणी सेवेबरोबर वहीसाठीही चार पैसे मागितले, तर ते वाया गेले असे मानू नका.