जामुलमध्ये उभी गाडी, बसलेली बॅटरी

नागपूरहून गाडीने पूर्वेला निघालात, की भंडारा, साकोली, देवरी मागे टाकत राष्ट्रीय महामार्ग 53 तुम्हाला छत्तीसगडात नेतो. आधी राजनांदगाव येतं. तिथे चहाला थांबलात तर दिग्विजय महाविद्यालयाकडे एक नजर टाका. मराठी घरातले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून तिथे शिकवत होते. मग दुर्ग, आणि त्याला चिकटूनच भिलाई. भिलाईच्या पॉवर हाउस भागातून नंदिनी रोडला लागायचं आणि कारखान्यांच्या पट्ट्यातून पुढे जात राहायचं, की आलं जामुल.

पर्यटक म्हणून इथे कुणी येत नाही. भिलाईला आलेला पाहुणा मैत्री बाग बघून परत जातो. जामुलची ओळख म्हणजे 1965 पासूनचा एसीसीचा सिमेंट कारखाना. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. तिथून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, इथल्या सिमेंटमध्ये जाते. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल! रस्त्यावर ट्रकांची रांग, हवेत धूळ आणि मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास घुटमळणारा पारा, अशी ही जागा आहे.

आमचे मामा-मामी इथे राहतात. मामा निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली: 2010 सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक, तिसऱ्या हातची. वापर अगदी थोडा. मामींच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दर सोमवारी सकाळी त्यांना व्यायामाच्या उपचारासाठी भिलाईला न्यायचं, बाकी आठवडाभर गाडी अंगणात उभी. आणि नेमकी सोमवारीच ती सुरू व्हायची नाही. चावी फिरवली की नुसतं टक-टक. मग शेजारची दोन मुलं, धक्का, आणि काठी टेकत उभ्या राहिलेल्या मामी. दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. तिसरीसाठी चार-पाच हजार रुपये काढायची तयारी चालली होती.

मामांचा पहिला संशय धुळीवर होता. तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. बॅटरीच्या माथ्यावर धूळ आणि ओल यांचा थर बसला, की त्यातून दोन टर्मिनलांमध्ये थोडी वीज झिरपते. म्हणून आधी ओल्या फडक्याने माथा पुसा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तो काढा. उन्हाचा दोष मात्र मोठा. उष्णतेने बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या पट्ट्या लवकर झिजतात. पण दोन-तीन दिवसांत रिकामी होणारी बॅटरी एकट्या उन्हाने होत नाही.

तुमच्याकडेही जुनी गाडी असेल आणि हाच त्रास असेल, तर नवी बॅटरी आणण्याआधी एक साधा मल्टिमीटर आणा. काही शेकड्यांत मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर तो लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. मामांच्या गाडीने सोमवारी सकाळी 11.9 दाखवलं. मग गाडी चालू करून पुन्हा बघा. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसलं तर अल्टरनेटर, ज्याला आपले मिस्त्री अजून डायनॅमो म्हणतात, तो बॅटरी भरतो आहे. मामांकडे 14.1 आलं. बॅटरी चार्ज करून दुकानात तपासली, तीही ठीक निघाली. म्हणजे भरणारा ठीक, साठवणारी ठीक. मग वीज जाते कुठे?

पॉवर हाउसजवळचा एक तरुण ऑटो इलेक्ट्रिशियन घरी आला. त्याने जे केलं ते बघण्यासारखं होतं. बोनेट उघडं ठेवलं, बाकी सगळं बंद. किल्ली घरात, टेबलावर. बॅटरीची मायनसची वायर सोडवली आणि ती वायर व मायनस टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला, लाल दांडी 10 अँपिअरच्या भोकात घालून. अशा वेळी चुकूनही सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. मग तो ओट्यावर चहा पीत बसला. मामांना वाटलं, पोरगा वेळ काढतोय. पण गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पूर्ण झोपी जायला वेळ लागतो, कधी अर्ध्या तासाहूनही जास्त, आणि त्याआधीचा आकडा फसवा असतो.

चहा संपल्यावर मीटरवर 0.38 अँपिअर होते. निरोगी गाडी झोपेत साधारण 0.02 ते 0.05 घेते, तेही घड्याळ आणि लॉकसाठी. इथे गणित करून बघा. 0.38 गुणिले 24, म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची. चार दिवसांत नवी कोरी बॅटरी सपाट! आणि सेल्फ फिरायचं तर त्याच्या आधीच बंद होतं.

मग एकेक फ्यूज काढायचा, मीटरकडे बघायचं, परत लावायचा. हेडलाइटचा काढला, फरक नाही. पंख्याचा, हॉर्नचा, नाही. रेडिओचा काढल्याबरोबर आकडा धाडकन 0.02 वर. (सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नसता, तर संशय अल्टरनेटरच्या डायोडवर गेला असता. त्याची जाड तार फ्यूजबॉक्समधून जात नाही.)

डॅशबोर्ड खोलल्यावर उलगडा झाला. आधीच्या कुठल्यातरी मालकाने मोठा टचस्क्रीन म्युझिक सिस्टीम आणि सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता. अशा सिस्टीमला दोन तारा असतात: एक कायम चालू, आठवणीत ठेवलेली स्टेशनंही जपणारी, दुसरी चावी फिरवल्यावरच चालू होणारी. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून कायमच्या तारेला टेप मारली होती. पडदा काळा दिसायचा, आत सगळं जागं. मामांनी तो सिस्टीम कधी वाजवलाही नव्हता. ते रेडिओ मोबाइलवर ऐकतात.

दोन तारा सुट्या करून एक चावीच्या लाइनवर जोडली. मजुरी धरून खर्च बॅटरीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. मामी आतून म्हणाल्या, "अहो, ते पाट्यासारखं काढूनच टाका ना!" मामांनी ठेवलंय, विकताना किंमत येईल म्हणे.

वापरलेली गाडी घेताना तुम्ही टायर बघता, रंग बघता. दिवा लावून डॅशबोर्डच्या खालीही डोकवा. मूळ वायरिंगवर टेपचे गठ्ठे, रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस, रिमोट लॉक, डॅशकॅम दिसले तर हे मोजमाप सौद्याआधीच करून घ्या. डिकीचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे बघायला मोबाइल व्हिडिओ चालू करून आत ठेवला तरी पुरतं.

मामा-मामी दिवाळीला महिनाभर नागपूरला येतात, तेव्हा आता मायनसची वायर सोडवून येतात. 0.02 सुद्धा महिन्यात चौदा-पंधरा अँपिअर-अवर पिऊन टाकतं. परतल्यावर गाडीचं घड्याळ लावावं लागतं, तेवढंच काम.