आजीची छबी

छायाचित्र घेणे सोपे; पण त्यास चित्राची कळा आणणे किती कठीण, याचा अनुभव मला गतवर्षीच्या दिवाळीच्या सुटीत आला. बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे पाहिल्यापासून आजीची तशीच एक छबी घ्यावी, हा ध्यास मला लागला होता.

सकाळी आजीला माजघरातील खिडकीशी बसविले. खिडकीची खालची दारे लावून घेताच उजेड वरून तिरपा येऊ लागला. मागे काळी घोंगडी टांगली. सावली फारच गडद वाटली, म्हणून त्या बाजूस आजोबांचे शुभ्र धोतर धरले. आजीने मान किंचित वळविली आणि सावलीतल्या गालावर प्रकाशाचा इवलासा त्रिकोण उमटला! सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांत असा प्रकाश आढळतो. म्हणून छायाचित्रकार त्यास त्याचेच नाव देतात.

पुढे संगणकावर मी कडा काळवंडविल्या, रंगांस पिवळसर झाक दिली. येथवर ठीक होते. पण मोह अनावर होऊन मी सुरकुत्याही पुसल्या. आजी हसून म्हणाली, “छान आहे हो! पण ही कोण रे?”

मी ओशाळलो. रेम्ब्रांटने तर उतारवयातील आपल्या स्वतःच्या चित्रांतही सुरकुत्या लपविल्या नव्हत्या! मूळ प्रत सुदैवाने जपली होती. तीवरून पुन्हा काम केले.

यंदा वैशाखात आजी गेली. भिंतीवरच्या त्या छबीतील उजेड मी योजलेला आहे. चेहरा मात्र तिचाच आहे.