चावी खिशात

दुबईतल्या एका हॉटेलच्या मोठ्या हॉलची जमीन मी रमजानच्या रात्रींत खरवडत होतो. गावी, महाडकडे, कोणी विचारलं की तिकडे काय करतोस, तर हेच सांगतो: गाडीवर बसून जमीन खरवडतो. लोक हसतात. पण काम तेच आहे. जुनं विनाईल, कार्पेट आणि त्याखालचा दगडासारखा वाळलेला ग्लू पात्याने सोलत पुढं जायचं.

मशीन टनाहून जड. ते वजनच पात्याला जोर देतं, म्हणून वर नेण्याआधी लिफ्टची क्षमता बघावी लागते. आमचं बॅटरीवरचं होतं. गॅसवरचं मशीन बंद हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइड सोडतं आणि त्याला वास नसतो. दोन्ही हातांत दोन दांडे. दोन्ही पुढं ढकलले की सरळ, एक पुढं एक मागं केला की जागच्या जागी गिरकी. त्या गिरकीत मागची बाजू भिंतीला, खांबाला, कधी माणसालाही लागते.

खरी मेख पात्याच्या कोनात. माझे आजोबा भातशेतीत नांगर धरत. फाळ उताणा झाला की वरवर निसटतो, जास्त रुतला की बैल अडतात, हे मी लहानपणीच पाहिलेलं. इथंही तसंच. काँक्रीटवर पात्याची उतरती धार वर ठेवायची, लाकडावर खाली, नाहीतर लाकूड खणलं जातं. सुरुवात अरुंद पात्याने. माल सहज सुटतोय असं दिसलं तरच रुंद लावायचं. नवीन माणूस हटकून रुंद पातं लावून बसतो आणि मग मशीनला शिव्या देतो. आणि आधी हॉल पायी फिरायचा. जमिनीत बसवलेले विजेचे डबे, सांध्यांच्या पट्ट्या खडूने खुणावायच्या. पातं तिथं अडलं तर गाडी थांबते, पण तुम्ही पुढं जाता.

हे सगळं मला येत होतं. तरीही तेविसाव्या रोजाच्या रात्री, सेहरीला तासभर असताना, चूक झाली.

माझा हेल्पर सिल्हटचा, विशीतला. निघालेला माल उचलून ट्रॉलीत टाकायचं त्याचं काम. पगार माझ्या निम्म्याहून कमी. विनाईलची एक लांब पट्टी पात्यासमोर गुंडाळून अडकली. मी थोडा मागं आलो, पातं उचललं, कोन बदलला आणि पुन्हा खाली घेऊन दांडे ढकलले. कानांत बोळे होते. तो पट्टी ओढायला वाकला होता. मला दिसली फक्त त्याची पांढरी टोपी.

हात सुटले. दांडे मधोमध आले, गाडी थांबली. त्याच्या बुटापासून पातं चार बोटांवर होतं. मी उतरलो तेव्हा माझे पाय थरथरत होते. तो उलट मलाच समजावत होता, "भाई, जल्दी था, सुपरवायजर देख रहा था." मी त्याला रागावलो. वाकण्याआधी सांगायचं नाही का, म्हणालो. बोळे माझ्या कानांत होते, हे त्या क्षणी मला सुचलंही नाही.

सेहरीला खजूर गिळेना. मी कोणाला काही कळवलं नाही, आणि त्याची लाज अजून वाटते. पातं बदलताना मी चावी काढत असे, हातमोजे घालत असे, कारण वापरलेलं पातं तापलेलं असतं आणि बोटं माझी असतात. तो पुढं येई तेव्हा मात्र चावी मशीनमध्येच. ही दोन मापं मीच ठरवलेली होती. दिवसभर उपाशी आम्ही दोघंही.

दुसऱ्या रात्री ठरवलं: पात्यापुढं यायचं असेल तर त्याने बाजूने येऊन हात वर करायचा, मी पातं जमिनीला टेकवून मशीन बंद करणार आणि चावी त्याच्या हातात देणार. सुपरवायजर म्हणाला, वेळ जातो. खरंच जातो.

पहिल्यांदा हात वर करताना तो लाजला. मी चावी पुढं केली. त्याने ती खिशात टाकली, वरून एकदा चाचपली, आणि मग वाकला.