आपल्याच चक्रात

८ फेब्रुवारी २०२५
पाळी आली. दवाखान्यात कळवलं. गोठवलेला गर्भ पोटात ठेवण्याच्या दोन पद्धती डॉक्टर मॅडमनी गेल्या भेटीत समजावल्या होत्या. एकीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या, गर्भाशयाचं अस्तर जाड झालं की प्रोजेस्टेरॉन आणि त्याच्या सहाव्या दिवशी ट्रान्सफर. तारीख आधीच ठरते. दुसरीत त्या गोळ्या नाहीत. आपलं बीज आपल्या वेळेला फुटू द्यायचं आणि तिथून दिवस मोजायचे. माझी पाळी नियमित आहे, म्हणून मी दुसरी मागितली. "फेऱ्या वाढतील, रविवारीही बोलावीन," मॅडम म्हणाल्या. मी हो म्हटलं. मंगळवारपासून बारावीचे पेपर आहेत, सुपरव्हिजन आहे. ते जमवू.

९ फेब्रुवारी
ह्यांनी विचारलं, "दोन्हींत यश सारखंच, तर मग कटकटीची पद्धत कशाला?" प्रश्न बरोबर आहे. मूल राहण्याचं प्रमाण साधारण सारखंच. फरक आईच्या तब्येतीत आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बीज फुटलं की त्या जागी पीतपिंड तयार होतो. अकरावी-बारावीच्या मुलांना मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. तो प्रोजेस्टेरॉन देतो, पण तेवढंच नाही. रिलॅक्सिनसारखी द्रव्यंही देतो. त्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात आणि गर्भारपणाचा भार पेलायला शरीर तयार होतं. गोळ्यांच्या चक्रात बीज फुटतच नाही, म्हणून पीतपिंडही नाही. गोळ्या दोन हार्मोनांची भरपाई करतात, बाकीच्यांची नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतून आणि स्वीडनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, पीतपिंड नसलेल्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त दिसलं. सातव्या महिन्यात रक्तदाब वाढून ताईचं काय झालं ते आम्ही दोघांनीही घाटी रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर उभं राहून बघितलंय. हे पुढे काही बोलले नाहीत. रविवारची गाडी मी चालवीन, एवढंच म्हणाले.

१७ फेब्रुवारी
स्कॅन. फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, १४ मिलिमीटर, अस्तर साडेसात. बाकावर शेजारी वैजापूरकडची एक मुलगी होती, सोबत सासू. पहाटेच्या एसटीनं आलेल्या. तिचं गोळ्यांवर चाललंय. तिला चार-चार वेळा इथं यायला लावणं म्हणजे शेतातल्या मजुरीचे चार दिवस आणि तिकिटाचे पैसे. गोळ्यांची पद्धत फक्त लॅबच्या सोयीसाठी आहे असं मी मनात धरलं होतं, ते पुरतं खरं नाही. ज्यांची पाळी महिनोन्महिने येत नाही त्यांना तर या पद्धतीचाच आधार. पण या मुलीला कुणी विचारलं असेल का, की तुझी पाळी नियमित आहे का, आणि असेल तर हे असं का?

२१ फेब्रुवारी
पट्टीवर दोन्ही रेघा ठळक. म्हणजे एलएच हे हार्मोन वाढलं, उद्या-परवा बीज फुटेल. पेपर जीवशास्त्राचा नव्हता म्हणून सुटका लवकर झाली. दुपारी स्कॅन: २० मिलिमीटर. ट्रान्सफर २७ ला.

२३ फेब्रुवारी
रात्री झोप नाही. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्याविषयी वाचत बसले. ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात जन्मलेली दुर्गा, म्हणजे कनुप्रिया अगरवाल. इंग्लंडच्या लुईस ब्राउननंतर जेमतेम दोन महिन्यांनी. आणि ती गोठवलेल्या गर्भातून झाली होती! आठ पेशींचा गर्भ त्यांनी ५३ दिवस गोठवून ठेवला आणि मग आईच्या नैसर्गिक चक्रात परत ठेवला. मी जी पद्धत मागितली, तीच. सरकारी समितीनं त्यांचं काम खोटं ठरवलं, सरकारनं बाहेर जाऊन बोलू दिलं नाही, शेवटी डोळ्यांच्या संस्थेत बदली केली. १९ जून १९८१ ला त्यांनी जीव दिला.

भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून अधिकृत नोंद झाली ती मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मलेल्या हर्षाची, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं काम. मला मोठं वाटलं ते पुढचं. त्याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या वह्या-कागद स्वतः तपासले आणि १९९७ मध्ये लिहून टाकलं की पहिलेपणा आपला नाही, त्यांचा आहे. असं किती जण करतील?

२७ फेब्रुवारी
काल महाशिवरात्र झाली, वेरूळच्या गर्दीतून सासूबाई घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन आल्या. आज ट्रान्सफर झालं. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेला गर्भ काही मिनिटांत पूर्ववत झाला. पूर्वी सावकाश गोठवत, तेव्हा बर्फाचे कण पेशी फाडत. आता इतक्या झपाट्यानं थंड करतात की पाण्याला बर्फ व्हायला वेळच मिळत नाही. पाच दिवसांचा एकच गर्भ ठेवला. दुसरा ठेवण्याचा आग्रह घरून होता. जुळ्यांतली जोखीम मॅडमनीच समजावून सांगितली. उरलेल्या गर्भांच्या संमतीपत्रावर दोघांनी सह्या केल्या. २०२१ च्या कायद्यानं ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात.

थोड्या वेळानं उठून चालत बाहेर आले. पडून राहिल्यानं गर्भ रुजण्याला मदत होत नाही हे अभ्यासांत तपासलं गेलंय. सासूबाईंना मात्र हे पटणं अवघड. नेमकं आजच नळाला पाणी आलं, आणि सगळे ड्रम त्यांनी एकट्यानं भरले. मी दारात उभी राहिले तरी रागावल्या.

१० मार्च
रक्तातलं बीटा एचसीजी २१२, म्हणजे गर्भ रुजला. फोन सिस्टरनी केला, मी ह्यांच्याकडे दिला, मग परत घेतला आणि पुन्हा विचारलं.

१२ मार्च
४६८. दोन दिवसांत दुपटीहून जास्त. सिस्टरनी बजावलं: गर्भ आत ठेवला तरी क्वचित तो नळीत जाऊन रुजतो. पोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, रक्तस्राव, यांतलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. हा कागद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो फ्रिजवर लावला.

२५ मार्च
ठोके दिसले. सहा आठवडे तीन दिवस. ट्रान्सफरचा दिवस दोन आठवडे पाच दिवसांचा धरतात, म्हणून हिशेबात घोळ नाही. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखालीच फॉर्म भरला. वैजापूरची मुलगी दिसली नाही. नाव विचारून ठेवायला हवं होतं.

१६ एप्रिल
उलट्या. ऊन चाळिशीला टेकलंय. फॉलिक अ‍ॅसिड चालूच आहे, थायरॉईडची तपासणी पुन्हा झाली. औरंगपुऱ्यातून रक्तदाबाचं मशीन आणलं, दंडावर बांधायचं. मनगटाचं नको म्हणून मॅडमनी सांगितलं होतं.

३ मे
बारा आठवडे. रक्तदाब ११८/७६. वय पस्तिशीपुढे, पहिलंच बाळ आणि आयव्हीएफ, म्हणून मॅडमनी रोज रात्री कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन लिहून दिली. नैसर्गिक चक्र झालं म्हणून जोखीम संपत नाही, असंही स्पष्ट सांगितलं. तारीख १५ नोव्हेंबर.

संध्याकाळी कॉलेजातली प्रज्ञा आली. तिला पीसीओएस आहे, पाळीचा भरवसा नाही, पुढच्या महिन्यात ट्रान्सफर. माझं ऐकून तिनं गोळ्या नाकारू नयेत ही मला काळजी. तिला म्हटलं, आधी एवढं विचार: लेट्रोझोल देऊन बीज फोडून घेता येईल का? येत नसेल तर गोळ्या घे, बिनधास्त घे; पण मग रक्तदाब कधीपासून आणि किती वेळा बघायचा, अ‍ॅस्पिरिन लागेल का, हे फाईलवर लिहून माग. तिनं फोनमध्ये टाइप केलं. सासूबाईंनी आतून आवाज दिला, "आणि तिला सांग, खांदा दुखला तर थांबायचं नाही."