सीलवरचा आळ

गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येतं तेच निदान घेऊन. "मिस्त्री, मागचं सील गेलंय, तेवढं मारून द्या." सील स्वस्त आहे, मारूनही देता येतं. पण महिन्याभरात तीच जीप त्याच डागासकट परत दारात उभी राहते आणि बोल लागतो सीलच्या कंपनीला.

महिंद्रांनी 1947 मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या सीजे-थ्री-बी अजूनही डोंगराकडच्या गावांतून कामाला येतात. त्यांची एक खोड माहीत हवी. हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो. ट्रान्स्फर केसमधून मागे निघणाऱ्या आउटपुट शाफ्टवर एक ड्रम बसवलेला असतो, तोच हँडब्रेक. साहजिकच तिथलं सील गळलं की ऑइल थेट ड्रममध्ये उतरतं, ब्रेकचे लायनर भिजतात आणि घाटात हँडब्रेक ओढून उतरलेला माणूस दगड शोधत फिरतो.

माझं पहिलं काम धुण्याचं. डिझेल आणि ब्रश घेऊन केस लख्ख करायची, कोरडी झाली की टाल्कम पावडर मारायची आणि गाडी फिरवून आणायची. पावडरीवर ओली रेघ उमटते ती कुठून निघाली ते बघायचं. कधी ती स्पीडोमीटरच्या केबलपाशी सुरू होते, कधी पार पुढून, इंजिनकडून आलेली असते. वाऱ्याने ऑइल मागेच येणार. वासावरूनही कळतं, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, तो एकदा नाकात बसला की जात नाही.

रेघ खरंच सीलखालून निघाली, तरी मी आधी केसमधली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर बघतो. चिखलाने तो बुजला की तापलेल्या केसमध्ये हवा कोंडते आणि ऑइलला ढकलून बाहेर काढते. मग लेव्हल. ऑइल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच हवं. पण गिअरबॉक्समधलं ऑइल इकडे सरकलेलं असतं, वर कुणीतरी 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून ओतलेलंही असतं.

त्यानंतर आउटपुट शाफ्टच्या टोकाचा योक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडायचा तुकडा, हातात धरून वर-खाली, पुढे-मागे हलवायचा. शाफ्ट टेपर रोलर बेअरिंगवर फिरतो. पुढे-मागे प्ले 0.10 ते 0.20 मिलिमीटर चालतो. वर-खाली हलणं बोटांना जाणवलं, तर कितीही भारी सील घाला, शाफ्ट डुलणार आणि सीलचा ओठ एका बाजूने उघडा पडणार. मागच्या कॅपखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी केले की प्ले कमी होतो. बेअरिंगच झिजलेलं असेल तर शिमशी खेळत बसू नये.

योक काढायला प्रोपेलर शाफ्ट सोडवावा लागतो. सोडण्याआधी दोन्हीकडे खूण करायची. मधला नट भलताच घट्ट असतो. एरवी हँडब्रेक ओढून तो सोडवतात, पण इथे तोच ऑइलने निसटतोय! मग लो रेंज आणि पहिला गिअर टाकून शाफ्ट अडकवायचा.

योक निघाला की नख फिरवून बघा. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे चर पडलेली असते. नख अडकलं तर नवं सीलही तिथून गळणार. चर उथळ असली तर सील जरा आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागी आणता येतो. खोल असली तर वर पातळ स्लीव्ह चढवावा नाहीतर योक बदलावा. एमरी पेपर घासून भागवणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ओठाला ऑइल, आणि ठोकायला सीलच्याच मापाचा पाइप. कोरडं सील पहिल्याच फेरीत करपतं. शिवाय योकच्या स्प्लाईनमध्ये सीलंट लावायचं. ते विसरलं तर ऑइल खाचांतून सरकत नटाखालून बाहेर येतं आणि आळ पुन्हा सीलवरच.

उरतात ते ऑइल प्यायलेले लायनर. गिऱ्हाईक म्हणतं, "पेट्रोलने धुऊन घाला की मिस्त्री." धुतलेला लायनर वरून कोरडा दिसतो, ड्रम तापला की आतलं ऑइल परत वर येतं. या बाबतीत मी भीड ठेवत नाही. नवे लायनर घालायचे नसतील तर गाडी दुसरीकडे न्यावी.